कविराय रामजोशी : सोलापूरच्या एका शाहिराचें चरित्र

या महोत्सवी पुस्तिकेंत आपल्या मंदिराचा इतिहास, दिवंगत धर्मगुरूंचीं स्मरणें व निरनिराळ्या मंडळांचे अहवाल वाचकांस मिळतीलच. त्यांच्या शेजारीं एका तमासगीर शाहिराचें चरित्र आलेलें पाहून कांहीं भाविक वाचक बुचकळ्यांत पडण्याचा संभव आहे. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, आपल्या भजनी मंडळांत ज्या चाली आपण म्हणतों व ज्या ठेक्यावर टाळ-ढोलकी वाजवितों, त्या आपल्या पूर्वजांनीं बाप्तिस्मा घेतांना घराबाहेर टाकून दिल्या नाहींत. त्या बरोबर घेऊनच ते देवळांत आले. हें धन कोणीं कमावलें याची विचारपूस करणें कृतज्ञतेस धरूनच होईल. तें कमावणाऱ्यांपैकीं एक मोठा पुरुष म्हणजे सोलापूरचे रामजोशी. त्यांचें चरित्र निवडण्यास आणखीही एक कारण झालें. शास्त्र शिकलेल्या माणसानें लोकांच्या भाषेंत बोलावें किंवा नाहीं, बोलावें तर किती खालीं उतरावें, हा प्रश्न प्रत्येक रविवारीं व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनाही सुटलेला नाहीं.

रामजोशींचा जन्म सन १७६२ च्या सुमारास सोलापुरीं एका ब्राह्मण घराण्यांत झाला. घराण्यांत जोशीपणाची, म्हणजे पंचांग व ज्योतिष सांगण्याची वृत्ति होती. वडील बंधु मुद्गल हे व्युत्पन्न पुराणिक म्हणून प्रसिद्ध होते. अशा घरांतील धाकट्या मुलाचा मार्ग जन्मतःच आंखून ठेवलेला असे : संध्या, पाठांतर, व्याकरण, आणि पुढें भावाच्या शेजारीं बसून पोथी सांगणें.

गांव मात्र निराळ्या घडणीचें होतें. मराठी व कानडी या दोन भाषांच्या शिवेवर सोलापूर वसलेलें; बाजारांत हिंदुस्थानीही तितकीच चालावयाची. मकरसंक्रांतीस सिद्धेश्वराची यात्रा भरे व चहूंकडचे लोक तेथें लोटत. ज्या मुलाच्या कानावर लहानपणापासून तीन भाषांचे नाद पडतात, त्याला शब्दाच्या अर्थाआधीं शब्दाचा आवाज ऐकण्याची खोड लागते, असा आमचा अनुभव आहे. रामला ही खोड जन्मभर पुरली.

त्या काळीं सोलापुरांत धोंडी नांवाच्या शाहिराचा तमाशा नांवाजलेला होता. पुराणिकांचा हा धाकटा भाऊ त्या फडाकडे जाऊं लागला. ऐकतां ऐकतां कवनें करूं लागला. व पुढें त्याचीं कवनें फडांत म्हटलीं जाऊं लागलीं. बातमी घरीं पोंचल्याशिवाय राहिली नाहीं. मुद्गलांनीं त्याला समजाविलें, रागें भरले, आणि शेवटीं घराबाहेर काढलें.

रामजोशींच्या चाहत्यांनीं या भावाला फार वाईट ठरविलें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. पुराणिकाची सारी उपजीविका त्याच्याविषयींच्या आदरावर चालते. दिवसा मोठा भाऊ देवळांत भागवत सांगतो आणि रात्रीं धाकटा भाऊ डफावर शृंगार गातो, हें गांवानें फार दिवस सहन केलें नसतें; आणि त्याचा दंड धाकट्याला नव्हे, मोठ्याला भरावा लागला असता. मुद्गलांचा राग अहंकाराचा होता कीं पोटाच्या काळजीचा, हें आज कोण ठरविणार ?

घराबाहेर पडलेला राम पंढरपुरास गेला. येथें या चरित्राला एक अनपेक्षित वळण मिळतें. तमाशाच्या नादानें घर सुटलेला हा तरुण पंढरपुरीं तमाशांत न शिरतां संस्कृत शिकावयास बसला. आणि तेंही बाबा पाध्ये यांच्यापाशीं, असें परंपरा सांगते. बाबा पाध्ये म्हणजे काशीनाथ उपाध्याय. सन १७९० च्या सुमारास त्यांनीं रचलेला धर्मसिंधु हा ग्रंथ आजही व्रतवैकल्यें व आचार यांचा निर्णय पाहण्यासाठीं उघडला जातो. अशा कडक धर्मशास्त्र्याच्या पायांशीं बसून रामजोशींनीं काव्य व व्याकरण यांचा अभ्यास केला. मदालसाचंपू नांवाचें संस्कृत काव्य त्यांच्या नांवावर आहे. तेव्हां शाहिरी म्हणजे शिक्षण न मिळालेल्याचा उद्योग, ही जी समजूत आढळते, ती निदान या शाहिरापुरती तरी टिकत नाहीं.

विद्या संपादून ते सोलापुरास परतले. आतां भावाचा राग निवळला असावा. कारण विद्वान होऊन आलेल्या भावास कोण नाकारील? पण डफाची ओढ सुटली नव्हती. थोड्याच काळांत रामजोशींनीं स्वतःचाच फड उभा केला.

तत्कालीन तमाशाची मांडणी आजच्या तरुण वाचकांस सांगितली पाहिजे. रंगमंच नाहीं, पडदा नाहीं. वाड्याचें आंगण किंवा देवळासमोरची मोकळी जागा, आणि मशालींचा उजेड. शाहिराच्या हातीं डफ, एकापाशीं तुणतुणें, एकापाशीं झांज, आणि मागें झीलकरी. शाहिरानें ओळ म्हणावी, तिचें शेवटचें टोंक झीलकऱ्यांनीं उचलावें व लांबवीत न्यावें, तेवढ्यांत शाहिरानें दम घ्यावा व पुढची ओळ टाकावी. दोन फड समोरासमोर आले कीं कलगी व तुरा असे पक्ष पडत; एकानें शक्तीचें श्रेष्ठत्व सांगावें, दुसऱ्यानें शिवाचें; एकानें कवनांत कोडें घालावें, दुसऱ्यानें तेथल्या तेथें कवनांतच तें सोडवावें. पहांट झाली तरी कोणी उठत नसे. पुष्कळ फडांत स्त्रीचें सोंग पोरगे घेत. रामजोशींच्या फडांत मात्र बया व चिमा या दोघी होत्या.

या दोघींचीं नांवें मागें राहिलीं, एवढेंच. त्यांनीं कवनें केलीं नसतील. परंतु कवन कागदावर असतें तेव्हां तें अर्धेंच असतें, आणि उरलेलें अर्धें या दोघींनीं पुरें केलें. ज्या समाजानें रात्रभर त्यांचें गाणें ऐकलें त्यानेंच सकाळीं त्यांना दारांत उभें केलें नाहीं.

आतां रामजोशींच्या कवनाकडे वळूं. कारण आमच्या मतें त्यांचें खरें चरित्र तेंच आहे.

लावणीची रचना वरवर पाहतां सोपी. प्रथम ध्रुवपद, मग कडवीं, आणि प्रत्येक कडव्याचें शेवटचें यमक असें कीं तेथून ध्रुवपदावर घसरत परत यावें. ठेका बहुधा आठ मात्रांचा. येथपर्यंत सर्वच शाहीर सारखे. रामजोशींनीं जें नवें केलें तें असें. संस्कृत कवि अनुप्रास व यमक यांचा उपयोग मुख्यतः शोभेसाठीं करतात. रामजोशींनीं त्यांना डफाच्या थापेस बांधलें. ज्या मात्रेवर थाप पडावयाची नेमकें त्याच मात्रेवर ते सारखा नाद असलेलें अक्षर आणून ठेवतात. त्यामुळें ओळींत तीन-तीन, चार-चार ठिकाणीं आंतलीं यमकें येतात, व ऐकणाऱ्यास पुढची थाप कोठें पडणार हें शब्दांवरूनच कळतें. वाद्य नसलें तरी तीं कवनें स्वतःच वाजतात. न शिकलेल्या माणसास तीं एकदां ऐकून पाठ होतात, याचें मर्म हेंच.

दुसरा विशेष म्हणजे अक्षरांची निवड. ढोंगी वैराग्यावर त्यांची एक अतिप्रसिद्ध लावणी आहे. अंगास राख फांसणारा, जटा वाढविणारा, देहास हट्टानें कष्ट देणारा साधु तींत समोर धरला आहे, आणि मनांत हरीची भक्ति नसेल तर हा सारा खटाटोप कशासाठीं, अशी त्याची झडती घेतली आहे. या लावणीच्या आरंभींच टवर्गांतील कठोर वर्णांची अशी रेटारेटी आहे कीं, अर्थ कळण्यापूर्वींच त्या साधूचा अट्टाहास कानावर आदळतो. जीभ वळवून वळवून थकते. तो थकवा म्हणजेच त्या निष्फळ तपाचा थकवा. जेथें भक्तीचा उल्लेख येतो तेथें वर्ण मवाळ होतात. असें कौशल्य पाठशाळेंत शिकवितां येत नाहीं, पण पाठशाळेशिवाय तें साधलेंही नसतें.

या लावणीचा विषय आम्हांस थोडा झोंबतो, हेंही येथें सांगून टाकतों. आम्ही झगा घालणारे लोक. बाह्य वेषावर ज्यांचें अर्धें ओझें उभें आहे, त्यांनीं ती एकट्यानें बसून वाचावी. शुभवर्तमानांत शास्त्री-परूश्यांस प्रभूनें जें ऐकविलें, त्याची जात व या लावणीची जात फार वेगळी नाहीं.

उलट टोंकास त्यांची एका सुंदरीच्या वर्णनाची लावणी पाहावी. तींत टवर्ग मागें सरतो. अनुनासिकें व मृदु वर्ण पुढें येतात. ओळ ठुमकत चालते. तिची चाल इतकी लोकप्रिय झाली कीं, शब्द विसरलेल्यांनाही ती आठवते. रामजोशींच्या शृंगारिक लावण्यांपैकीं कांहीं तर देवळाच्या सभागृहांत म्हणण्याजोग्या नाहींत, हें आम्ही लपवीत नाहीं. तरीही गाळून-गाळून उरलेला रामजोशी दाखविणें हें खोटें चरित्र होईल. ज्या हातानें वैराग्याची झडती लिहिली त्याच हातानें पैंजणही लिहिले.

त्यांच्या करामतींपैकीं आणखी एक म्हणजे छेकापन्हुति. सखी सखीपाशीं कांहीं वर्णन करते; ऐकणारीला व आपणां सर्वांनाही वाटतें कीं हें प्रियकराचेंच वर्णन; ती तसें विचारते, आणि सांगणारी साळसूदपणें भलत्याच वस्तूचें नांव घेऊन सुटते. संस्कृत अलंकारग्रंथांत हा अलंकार एका श्लोकाच्या उदाहरणानें उरकलेला असतो. रामजोशींनीं तो आंगणांत आणला व त्याचा खेळ केला. प्रत्येक कडव्याला श्रोते फसतात व पुढच्या कडव्याला पुनः फसण्यास तयार होऊन बसतात. तसेंच संस्कृत व मराठी, किंवा मराठी, कानडी व हिंदुस्थानी अशा भाषा एकाच कवनांत गुंफणें. पंडितास वाटावें कीं हें आपल्यासाठीं, व बाजारकऱ्यास वाटावें कीं हें आपल्यासाठीं. अशा कवनांत कित्येकदां चमत्कृति भावनेवर कुरघोडी करते, हेंही खरें. होनाजींच्या लावणींत जो ओलावा आहे, परशरामांच्या कवनांत जो साधेपणा आहे, तो रामजोशींत शोधूं जाणारा निराश होईल. रामजोशींना शब्द फार येत होते. आणि ज्याला शब्द फार येतात त्याला थांबणें जड जातें.

होनाजी व परशराम यांचीं नांवें आलींच आहेत तर त्या पिढीकडे एकदां नजर टाकूं. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, अनंत फंदी व रामजोशी ब्राह्मण. पेशवाईच्या उत्तरकाळांत, जेव्हां पंगत, पाणवठा व देऊळ या प्रत्येक ठिकाणीं जातीची रेघ ओढलेली होती, तेव्हां डफाच्या कडेखालीं एवढी मिश्र मंडळी एकाच विद्येचे वारस म्हणून उभी होती.

आतां मोरोपंत. बारामतीचे मयूर कवि, आर्यावृत्ताचे राजे. रामायण त्यांनीं १०८ प्रकारांनीं रचिलें असें सांगतात. त्यांतील एका रामायणांत ओष्ठ्य वर्ण मुळींच येऊं दिले नाहींत, म्हणजे तें वाचतांना ओंठास ओंठ लागत नाहीं. अक्षरांवर एवढी सत्ता चालविणारा दुसरा मराठी कवि नाहीं. रामजोशी व पंत यांची गांठ पडली. भेट कशी झाली याच्या कथा अनेक आहेत व त्यांत कथा सांगणाऱ्यांनीं आपापली भर घातली आहे. सर्वांचें तात्पर्य एकच कीं, या शाहिराचें सामर्थ्य पंतांनीं ओळखलें, त्याची वाहवा केली, व ही वाणी ईश्वराकडे वळवावी असें त्यास सुचविलें. रामजोशींनीं डफ टाकला व ते कीर्तनास उभे राहिले. पंतांच्या एका पुत्रास बाबा पाध्यांची कन्या दिलेली होती. तेव्हां पंढरपूरच्या त्या जुन्या शिष्याची वार्ता बारामतीस अगदींच अपरिचित असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या भेटीचें महत्त्व लोक एकाच बाजूनें सांगतात : पंतांनीं शाहिराचा उद्धार केला. दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. पंतांची आर्या कागदावर कठीण असते. श्लेष उलगडतां उलगडतां वाचक दमतो. ती लोकांच्या ओंठीं गेली कशी ? रामजोशींच्या कीर्तनानें. आर्येंत कोठें थांबावें, कोणतें अक्षर दाबावें, कोणतें यमक झेलावें हें ज्याला डफानें शिकविलें होतें, त्या गळ्यांतून ती आली तेव्हां लोकांस कळली. पंतांनीं त्यांस कीर्तनाचें आंगण दिलें, आणि त्यांनीं पंतांस श्रोते दिले. हा व्यवहार बरोबरीचा झाला.

कीर्तनांत पूर्वरंगीं एखाद्या अभंगाचें निरूपण व उत्तररंगीं आख्यान असा क्रम असतो. रामजोशींच्या अंगीं पुराणिकाचें पाठांतर, पाठशाळेचें व्याकरण व फडांतील हजरजबाबीपणा हीं तिन्ही होतीं, आणि कीर्तनकारास लागतें तें हेंच. मुद्गलांच्या घरांतून जें बाहेर काढलें गेलें व तमाशांत जें शिकलें गेलें, तें येथें एकत्र नांदूं लागलें. नगर जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकांत ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू झाली ती याच कीर्तनपद्धतीचा आधार घेऊन, हें आपल्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याहीपूर्वीं फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं राशोल येथें छापलेल्या ख्रिस्तपुराणासाठीं ओवी निवडली होती. लॅटिन जाणणाऱ्या त्या येशूसंघीयालाही गावयाचें झाल्यास लोकांच्याच छंदांत गावें लागलें.

येथें चरित्रकार बहुधा थांबतात : पापी शाहीर पश्चात्ताप पावला, भक्त झाला, आणि सर्व सुरळीत झालें. आम्हां धर्मगुरूंना तर असा शेवट फार आवडतो. परंतु सनावळी आड येते. मोरोपंत १७९४ सालीं वारले. दुसरा बाजीराव १७९६ सालीं पेशवा झाला, आणि रामजोशींचा पुण्यांतील मानमरातब व दरबारचा आश्रय याच बाजीरावाच्या नांवाशीं जोडलेला आहे. बाजीराव लावणीचा शौकीन होता, हें सर्वश्रुत आहे. कीर्तनकार झाल्यावर रामजोशींना कर्ज झालें व तें फेडण्यासाठीं त्यांनीं पुनः तमाशाची वाट धरली, असेंही सांगतात. उधळ्या हाताचा व मानी स्वभावाचा माणूस, त्यांत कीर्तनाची बिदागी ती किती ! तेव्हां डफ एकदां टाकला तो टाकलाच, असें मानण्यास जागा नाहीं. तो टाकला गेला, उचलला गेला. पंतांचें म्हणणें त्यांस पटलें नव्हतें, असा याचा अर्थ आम्ही करीत नाहीं. कवनांच्या शेवटीं कविराय ही मुद्रा घालणाऱ्या या पुरुषानें आध्यात्मिक व पौराणिक लावण्याही रचिल्या, आणि त्या मनापासूनच्या आहेत. पण पटलेलें आणि परवडणारें यांत अंतर राहतें, व तें अंतर चालतां चालतां माणसाचें आयुष्य सरतें. आमच्या कानांवर रोज येणाऱ्या कबुलीजबाबांत याहून निराळें फारसें कांहीं नसतें.

सन १८१२ च्या सुमारास रामजोशी वारले. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १८१८ सालीं, पेशवाई बुडाली, आणि शाहिरांना पोसणारे वाडे ओस पडले. उरलेले शाहीर व त्यांचे शिष्य गांवोगांव फिरूं लागले. कवनें कागदावर फारशीं नव्हतीं. तीं गळ्यांत होतीं, व गळा मेला कीं कवन मरावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शंकर तुकाराम शाळिग्राम यांसारख्या संग्राहकांनीं वृद्ध गायकांपाशीं बसून लावण्या व पोवाडे उतरून घेतले. शाळिग्राम व आक्वर्थ साहेब यांचा ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं निघाला. हीं माणसें जागीं झालीं नसतीं तर या लेखास विषयच उरला नसता.

पुढें शिष्ट समाजानें लावणीस बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलें. छंदःशास्त्राच्या विचारवंतांनीं मात्र तिचें ऋण ओळखलें. माधवराव पटवर्धन यांनीं छंदोरचनेंत मराठी जातिवृत्तांची जी व्यवस्था लावली, तींत शाहिरांच्या चालींस पंडितांच्या वृत्तांशेजारीं मानाचें स्थान मिळालें. आणि १९४७ सालीं राजकमल चित्रसंस्थेनें लोकशाहीर रामजोशी हा बोलपट काढला. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांचें दिग्दर्शन, वसंत देसाई यांचें संगीत. रामजोशींच्या भूमिकेंत जयराम शिलेदार, व त्यांच्यासमोर हंसा वाडकर. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. त्यांतील कांहीं कवनें खुद्द रामजोशींचीं, तर कांहीं ग. दि. माडगूळकरांनीं त्याच घाटांत नवीं ओतलेलीं. माडगूळकरांनीं आंतलीं यमकें थापेवर इतकीं अचूक बसविलीं आहेत कीं, आमच्या गांवाकडचे म्हातारे सणासुदीला गावयास बसले म्हणजे दोघांचीं कवनें एका दमांत म्हणून जातात, आणि कोणतें कोणाचें हें त्यांस विचारलें तर सगळींच रामजोशींचीं म्हणून सांगतात.